आमची वाटचाल: दिव्यांपासून मायक्रोग्रिडपर्यंत

दिवे-पंख्यांच्या सुट्या सौर यंत्रणा बसवण्यापासून आमच्या फर्मची सुरुवात झाली. पुढे पंप, फ्रीज, वेल्डिंग मशीन अशी मागणी वाढली आणि अख्खी वस्ती चालवणारे स्वतंत्र मायक्रोग्रिड आम्ही उभारू लागलो. तेव्हापासून युनिटपेक्षा अँपिअरचा हिशेब आधी होतो.

५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर चालताना साधारण ७.५ अँपिअर घेते. थेट सुरू केली तर क्षणभर सहापट, म्हणजे ३० केव्हीएच्या (विजेच्या भाराचं एकक) वर. बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी १५ केव्हीएचा इन्व्हर्टर इथे मान टाकतो आणि सगळ्यांचे दिवे मिचमिचतात. त्यासाठी मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं यंत्र) लावून वेग ८-१० सेकंदांत चढवणं केव्हाही चांगलं. मात्र व्हीएफडीच्या इनपुटला लाइन चोक (करंटमधले झटके मवाळ करणारी कॉइल) हवाच, नाहीतर पाचवा आणि सातवा हार्मोनिक (मूळ ५० हर्ट्झच्या पाचपट-सातपट वारंवारतेची विकृती) सगळ्या लाइनवर पसरतो.

खरी परीक्षा भर दुपारी असते. बॅटरी भरते, लोड कमी असतो आणि पॅनल जोरात चालू असतात. अशा वेळी बॅटरी इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या वर नेतो आणि पॅनलला जोडलेल्या सौर इन्व्हर्टरनी ती ओळखून उत्पादन हळूहळू कमी करायचं असतं. सौर इन्व्हर्टर सार्वजनिक ग्रिडच्या सेटिंगवर राहिला, तर तो उत्पादन कमी करण्याऐवजी एकदम बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा जोडला जातो आणि हेच चक्र चालू राहतं. चालू करताना हे सेटिंग आम्ही प्रत्येक इन्व्हर्टरवर स्वतः तपासतो. एसी बाजूला जोडलेल्या सौर इन्व्हर्टरची एकूण क्षमता बॅटरी इन्व्हर्टरपेक्षा जास्त ठेवत नाही.

सुरक्षेकडे तर दुप्पट लक्ष हवं. शॉर्ट सर्किट झालं तरी इन्व्हर्टर जेमतेम दीडपट-दुप्पट करंट देतो. आमच्या १५ केव्हीएवर तो फेजला सुमारे ४० अँपिअर भरतो. सी-१६ एमसीबी (जास्त करंटला आपोआप बंद पडणारा स्विच; १६ अँपिअरचा, सी प्रकारचा) तत्काळ पडायला निदान ८० लागतात, म्हणजे तो तत्काळ पडणार नाही आणि वायर तापत राहील. म्हणून घरोघरी बी-६ एमसीबी (६ अँपिअरचा, कमी करंटलाच तत्काळ पडणारा) आणि सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच). न्यूट्रलचं (परतीच्या तारेचं) अर्थिंग फक्त उगमापाशी. घराघरांत केलं की आरसीसीबी विनाकारण पडतो. एलईडी आणि चार्जर यांचा तिसरा हार्मोनिक तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये एकत्र येतो, म्हणून न्यूट्रलची जाडी निदान फेजइतकी ठेवायची.