जांबोटी-कणकुंबीला फ्लेमबॅक बघायला जाताय? आधी मिशी बघायला शिका

बेळगावजवळच्या या घाटातल्या जंगलात ग्रेटर फ्लेमबॅक (सोनेरी पाठीचा सुतारपक्षी) दाखवतो म्हणून जीपवाल्यानं ठरलेल्या भाड्यावर पाचशे जास्त घेतले आणि दाखवला त्याच्यासारखाच दिसणारा कॉमन फ्लेमबॅक, वर म्हणतोय सोनेरी पाठ दिसली न्हवं, मग तोच की. अजून डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय, मागनं येणाऱ्यांचे पैसे तरी वाचतील.

पाठीवरून काही ठरत नाही हो. दोघांची पाठ सोनेरी, दोघांच्या शेपटीच्या वरचा भाग लाल (तो काळा असेल तर बेळगावातल्या बागांत दिसतो तो सोनपाठी सुतार, ही तिसरीच जात). साईजवरही जाऊ नका, काही सेंमीचा फरक उंच झाडाखालनं कुणाला कळतोय. तोंड बघा. चोचीपासून गळ्याकडं जाणारी काळी मिशी कॉमनला एकच, जाड, सलग. ग्रेटरची मिशी फुटून दोन रेघा होतात आणि मधे पांढरी जागा राहते. मानेची मागची बाजू कॉमनची काळी, ग्रेटरची पांढरी, कडेनं काळी. डोळा ग्रेटरचा फिकट, कॉमनचा काळपट. माद्यांचं डोकं दोघींचं काळंच, पण ग्रेटरच्या मादीला पांढरे गोल ठिपके, कॉमनच्या मादीला बारीक रेघा. पाय दिसला तर विषयच संपला, कॉमनला तीन बोटं, ग्रेटरला चार. मी तिथंच फोटो झूम करून दाखवला, मिशी एक, मान काळी, तरी गडी पैसे परत द्यायला तयार नाही.

आपल्या घाटातल्या ग्रेटरला हल्ली पक्ष्यांच्या बऱ्याच याद्यांत मलबार फ्लेमबॅक अशी वेगळी जात धरतात, पक्षी ओळखायच्या ॲपमध्ये ते नाव आलं तर गोंधळू नका.

रस्ता. जांबोटीच्या पुढं कणकुंबीपर्यंत नुसते खड्डे, कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊनच बसा, डिकीत अजिबात नको, माझ्या लेन्सचं हूड तिथंच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणकुंबीजवळ रस्त्याकडेच्या वाळक्या झाडावर ग्रेटरची जोडी मिळाली, चालत, फुकट! नर साल उचकटून खाली टाकतोय, मिशीतली पांढरी जागा साध्या डोळ्यांनी दिसतेय, काय आनंद झाला सांगू.

तर भाडं फेरीचं ठरवा, पक्ष्याचं नाही. जवळच्या भीमगड अभयारण्यात आत जायचं तर वन खात्याची परवानगी आधी काढा. पावसाळ्यात जाऊच नका, जळवा सोडत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत काही झाडांची पानं झडलेली असतात, तेव्हा जा आणि उजाडायला तिथं पोचा, ऊन चढलं की काही दिसत नाही.