अर्धा सूर वर

महिन्यातून एकदा मी वीस-पंचवीस जणांना जमवून जुनी गाणी ऐकवतो. बाकीचा महिना त्यांच्या रेकॉर्डी शोधण्यात, धुण्यात आणि "विकत घेत नाही हो, कॉपी करून परत देतो" हे समजावण्यात जातो. स्वतःच्या गाण्यांना वेळ कधी मिळतो, ते विचारू नका.

मागच्या आठवड्यात नाशकातल्या रविवार कारंज्याजवळच्या एका वाड्यातून फोन आला. वाडा पाडायचाय, माळ्यावर सासऱ्यांच्या रेकॉर्डी सापडल्यात. पोचलो तर नातवाने उत्साहाने चार पुसूनही ठेवलेल्या. सॅनिटायझरने. या रेकॉर्डी लाखेच्या असतात, आणि पॉलिशवाला सुतार लाख विरघळवतो ती स्पिरिटमध्येच. चारही गेल्या. कुणाला बोलणार? पोरगं बिचारं मदतच करत होतं.

पाचवी वाचली. गायक द. वि. पलुस्करांचं 'ठुमक चलत रामचंद्र'. 1921 साली नाशकातच जन्मलेला, 1955 मध्ये ऐन चौतिशीत गेलेला माणूस, आणि गाणं रामाचं; पंचवटी नदीच्या पलीकडेच. मी रेकॉर्ड छातीशी धरून गंगापूर रोडला घरी आणली.

आता माझं लाडकं काम. सुई जाड लावायची, एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेत तळाला घासत जाते आणि नुसती खरखर ऐकवते. मग फेरे. त्यासाठी माझ्याकडे 77 रेघांची कागदी चकती आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे जुना बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतो; त्याच्या उजेडात चकतीवरच्या रेघा थिजल्यासारख्या दिसल्या की मिनिटाला फेरे बरोबर 78. एलईडीवर भरवसा नाही, म्हणून एक पिवळा बल्ब जपून ठेवलाय. खरखर मी बेतानेच काढतो. अ‍ॅपवाले सगळी धुऊन काढतात आणि तिच्याबरोबर तंबोराही जातो. मग गायक काचेच्या पेटीत उभा राहून गातोय असं वाटतं.

फाईल घेऊन परत गेलो. सासरे, म्हणजे काका, नव्वदीच्या घरात. डोळे मिटून तीन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हे ते नव्हे."

"अहो काका, तुमचीच रेकॉर्ड आहे."

"असेल. पण हा दमलेला वाटतो रे. आमच्याकडे असा गात नव्हता."

सूनबाई आतून म्हणाल्या, "रोज आंघोळ करताना म्हणतात ते. दादा, त्यांनाच म्हणायला लावा ना."

म्हणाले. फोनवरच्या ट्यूनरवर पाहिलं, माझ्या फाईलपेक्षा अर्धा सूर वर. सूनबाईंनी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रेकॉर्ड करून पाठवलं. तिन्ही वेळा तीच पट्टी, केसभर इकडेतिकडे.

अर्धा सूर म्हणजे सुमारे सहा टक्के. त्यांच्या घरचा चावीचा ग्रामोफोन 78 ऐवजी 82-83 फेऱ्यांनी पळत असणार. वेगाचा स्क्रू कुणीतरी कधीतरी पिळला असेल, आणि ते घर वर्षानुवर्षं पलुस्करांना अर्धा सूर चढवून ऐकत आलं. मशीन भंगारात गेलं, पट्टी काकांच्या गळ्यात राहिली.

मी तिथेच लॅपटॉपवर वेग वाढवला. पहिल्या ओळीलाच त्यांचा हात मांडीवर ठेका द्यायला लागला. "हां. हा!"

यूट्यूबवर जुनी गाणी ताणून, घुमवून टाकणाऱ्यांना मी एरवी शिव्या घालतो. आणि इथे स्वतःच फाईल पळवून बसलो होतो. माझ्याकडे रेकॉर्ड 78 फेऱ्यांनीच फिरली, एवढं चकती छातीठोक सांगते. पण ती रेकॉर्ड इतकी वर्षं ज्या एका घरात वाजली, तिथे ती अशीच वाजली.

दोन्ही फाईली पाठवल्या. सूनबाईंचा निरोप आला, काकांनी वरची ठेवली, दुसरी नातवाकडून पुसून घेतली. या वेळेस सॅनिटायझर लागला नाही.

शनिवारी बैठक आहे. यादीत पलुस्करांचं नाव लिहिलंय, फेऱ्यांचा रकाना अजून कोराच आहे.