वॉचमनकाका म्हणाले, गाडी बसली

सकाळी साडेसहाला इंटरकॉम वाजला. "साहेब, तुमची गाडी बसली हो." मला वाटलं पंक्चर. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पार्किंग खालीच आहे, तसाच चपला घालून गेलो. टायर टणटणीत, पण पुढची डावी बाजू एवढी खाली गेलेली की टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटही शिरेना.

गाडी 2012 ची डिझेल एसयूव्ही, मी तिसरा मालक. घेताना इंजिन ऐकलं, गिअरबॉक्स बघितला. हिला स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकावर रबरी बलून आणि त्यांत हवा भरायला एकच कॉम्प्रेसर, याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं होतं!

पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला, कॉम्प्रेसरचा कोड आला, कॉम्प्रेसर बदलला. अठ्ठेचाळीस हजार. दोन महिने बरी चालली. ऑगस्टमध्ये परत बसली, आणि नवा कॉम्प्रेसरही जळाला.

मग टो करून कुर्ल्याला, सीएसटी रोडवर. तिथल्या मिस्त्रींनी स्कॅनर काढलाच नाही. बाहेरून हवा भरून गाडी वर घेतली, साबणाचं पाणी बलूनवर फवारलं आणि मला खाली वाकायला लावलं. रबर जिथे रोज दुमडतं त्या घडीत केसाएवढी भेग, आणि तिच्यातून खसखशीसारखे बुडबुडे. "हवा इथून जाते, ती भरायला कॉम्प्रेसर सारखा पळतो. पळून पळून मेला." कॉम्प्रेसरची हवा कोरडी करणारा ड्रायर उघडला तर आतले ओलावा शोषणारे दाणे भिजून लगदा झालेले. मुंबईची पावसाळी हवा!

म्हणजे पहिले अठ्ठेचाळीस हजार मी रोगी सोडून त्याच्या नोकराच्या औषधावर घालवले.

कॉइल स्प्रिंग टाका, कटकट संपेल, असंही मिस्त्री म्हणाले. स्वस्तही पडलं असतं. पण मग डॅशबोर्डवर दिवा कायमचा पेटलेला, आणि हिंदमाताला पाणी साचल्यावर गाडी उंच करायची सोय गेली. शेवटी पुढचे दोन्ही बलून बदलले, कॉम्प्रेसर आणि ड्रायर दुरुस्त केला, कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिलेही नवा टाकला. रिले चिकटला तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही म्हणे.

आता रात्री गाडी लावली की टायरच्या वर बोटं घालून मोजतो. पुढे चार बोटं भरली की झोप लागते. वॉचमनकाकांनाही ती सवय लागलीय. परवा म्हणाले, "साहेब, मागं उजवीकडं तीनच भरतायत."