कॉनरॅड आणि बारा-चारची वॉच

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा पहिले नाव सुचले ते इंग्रजी कादंबरीकार जोसेफ कॉनरॅडचे. तो आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. पावसामुळे पी.टी.चा तास बुडला की इंग्रजीचे सर वर्गावर येत आणि त्याची ‘यूथ’ ही कथा मराठीतून सांगत. आमच्या वर्गातले बरेचजण पुढे जहाजावर गेले, मीही गेलो. कॉनरॅड माझ्याबरोबर आला तो कायमचा.

त्याचा जन्म १८५७ चा, बेर्दिचिव्हचा. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होते. घर पोलिश. वडील कवी, अनुवादक आणि रशियन सत्तेविरुद्ध उभे राहिलेले देशभक्त. त्यांना हद्दपार करून उत्तर रशियातल्या वोलोग्दाच्या थंडीत पाठवले, तेव्हा चार वर्षांचा हा मुलगा सोबत होता. सातव्या वर्षी आई क्षयाने गेली, अकराव्या वर्षी वडील. पुढे मामाने सांभाळले, पैसे पुरवले आणि पत्रांतून कानही उपटले. ह्यूगोच्या समुद्रावरच्या कादंबरीचा वडिलांनी पोलिशमध्ये अनुवाद केला होता. त्याची मुद्रिते मुलाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. पुस्तकातला समुद्र त्याला पहिल्यांदा भेटला तो असा. १८७४ मध्ये, सतरा पूर्ण व्हायच्या आत, त्याने मार्सेय हे फ्रेंच बंदर गाठले आणि फ्रेंच जहाजांवर काम धरले. पुढे इंग्रजी जहाजांवर तो कॅप्टनच्या परवान्यापर्यंत पोहोचला. ज्या इंग्रजीत त्याने सगळ्या कादंबऱ्या लिहिल्या, ती पोलिश आणि फ्रेंचनंतरची त्याची तिसरी भाषा.

‘यूथ’मधले जळणारे जहाज खरे आहे. कॉनरॅड ‘पॅलेस्टाइन’ नावाच्या जुन्या शिडाच्या जहाजावर सेकंड मेट, म्हणजे कॅप्टनखालचा दुसरा अधिकारी होता. बँकॉककडे जाणारा कोळसा जहाजाच्या मालखणात तापत गेला आणि मार्च १८८३ मध्ये सुमात्राजवळ स्फोट झाला. माणसे होड्यांतून किनाऱ्याला लागली. कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर आम्ही रोज खणांतले तापमान आणि वायू मोजायचो. ते आकडे लिहिताना सरांचा आवाज मला स्वच्छ ऐकू यायचा.

१८८४ मध्ये तो आपल्या मुंबईत ‘नार्सिसस’वर सेकंड मेट म्हणून चढला. त्या जहाजावरची १८९७ ची कादंबरी मुंबई बंदरातच सुरू होते. रात्र आहे, मेट डेकवर खलाशांची हजेरी घेतो आहे. पुढे वादळात सुकाणू न सोडणारा म्हातारा सिंगलटन भेटतो. असे तांडेल मी आपल्या किनाऱ्यावर पाहिले आहेत.

पण माझ्यासाठी त्याची सगळ्यांत मोठी कादंबरी ‘लॉर्ड जिम’. १८८० मध्ये ‘जेद्दा’ या जहाजाचे गोरे अधिकारी नऊशेहून अधिक हज यात्रेकरूंना सोडून होडीतून निघून गेले. जहाज बुडाले, असे त्यांनी एडन बंदरात सांगितले. मागोमाग तेच जहाज ओढून तिथे आणले गेले. कॉनरॅडने त्यातून जिम घडवला: भला, स्वप्नाळू, आणि एका क्षणी जहाज सोडून होडीत उडी मारून बसलेला. मला वाटते, या उडीत त्याची स्वतःची सल आहे. वडिलांनी देशासाठी आयुष्य दिले आणि मुलगा देश सोडून गेला. १८९९ मध्ये पोलिश लेखिका एलिझा ओझेश्कोव्हा यांनी याबद्दल त्याला जाहीरपणे फटकारले, त्याच सुमारास तो ‘लॉर्ड जिम’ लिहीत होता. समुद्राने त्याला प्रसंग दिले. पण संकटात कोण थांबतो आणि कोण निघून जातो, हा प्रश्न तो लहानपणापासून घेऊन आला होता.

सेकंड ऑफिसर असताना रात्री बारा ते चारची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, माझी असे. खाली सगळे झोपलेले, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, मी आणि समोर नजर ठेवणारा लुकआउटचा खलाशी. ती झोप आपल्या भरवशावर आहे, ही जाणीव मला जिमने दिली.

ही तिन्ही पुस्तके मी यंदा शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. मुलांनी ‘यूथ’पासून सुरुवात करावी. ‘लॉर्ड जिम’ अवघड आहे, ती शिक्षकांनी सोबत बसून वाचावी. जहाजावर जायचे ठरवलेल्यांनी तर नक्कीच.