हळदीच्या पट्टीचं टेस्ट ऑटोमेशन, दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये: माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वजन, दर, हमाली-तोलाई वजा आणि खाली निव्वळ रक्कम. ही पट्टी काढणाऱ्या सॉफ्टवेअरची हाताने चालणारी तपासणी आम्ही ऑटोमेशनवर आणली, म्हणजे स्क्रिप्ट लिहून आपोआप चालणारी केली. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, दोन आठवड्यांचा, म्हणजे कामाचे दिवस दहा.

सुरुवातीला डेव्हलपमेंट या स्प्रिंटमध्ये आणि ऑटोमेशन पुढच्यात, अशी वाटणी केली. ती चालत नाही. स्क्रिप्ट लिहून होईपर्यंत स्क्रीन बदललेली असते, आणि टेस्ट अडकते ती कालच्या बटणावर. मग 'डन'ची व्याख्याच बदलली: टेस्ट मेन ब्रँचवर (सगळ्यांच्या एकत्रित मुख्य कोडवर) हिरवी, म्हणजे पास, झाल्याशिवाय स्टोरी (कामाचा एक सुटा तुकडा) पूर्ण धरायची नाही. यात पहिले दोन-तीन स्प्रिंट कमी स्टोऱ्या हातावेगळ्या होतात. ग्राहकाला हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर तिसऱ्या डेमोला बोलणी बसतात.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो प्लॅनिंगच्या आदल्या दिवशीच्या अर्ध्या तासाचा. डेव्हलपर, टेस्टर आणि पेढीवरचे दिवाणजी एकत्र बसतात आणि दिवाणजींकडून नियम घ्यायचा तो आकड्यांतच. समजा १५ पोती, वजन ७ क्विंटल ३५ किलो, दर क्विंटलला १३,७२५. रक्कम १,००,८७८ रुपये ७५ पैसे. हमाली-तोलाई पोत्यामागे ११ रुपये ३० पैसे धरली तर १६९ रुपये ५० पैसे वजा. शेवटी एकदाच राउंड केलं तर १,००,७०९. पण रक्कम आधी राउंड करून मग वजावट केली, आणि पुन्हा राउंड केलं, तर १,००,७१०. एका रुपयाचा फरक, आणि यार्डात एका रुपयावरून वही उघडली जाते. ‘रक्कम बरोबर यावी’ एवढंच स्टोरीत लिहिलं असतं तर डेव्हलपरने एक पद्धत धरली असती, टेस्टरने दुसरी. दिवाणजींचं उदाहरण जसंच्या तसं टेस्टमध्ये जातं. रक्कम मात्र रुपयांच्या दशांश अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवायची, कारण जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत १.००५ ला १०० ने गुणलं की १००.५ येत नाही, १००.४९९९९… येतं.

अशा हिशेबाच्या टेस्ट ब्राउझर न उघडता थेट फंक्शनवर, म्हणजे हिशेब करणाऱ्या कोडच्या तुकड्यावर, चालवायच्या. शेकड्याने असल्या तरी काही सेकंदांत होतात. त्यांच्या वर एपीआयच्या (प्रोग्राम पडद्यामागे एकमेकांशी बोलतात त्या मार्गाच्या) थोड्या, आणि ब्राउझरमधून अगदी मोजक्या: लॉगिन, वजनाची नोंद, पट्टी छापणं, पट्टी रद्द करणं. बाकी सगळं ब्राउझरमधून तपासायचा मोह आवरावा.

ब्राउझरच्या टेस्ट कधी हिरव्या, कधी लाल होतात, त्याचं कारण बहुतेक वेळा थांबण्यात असतं. पाच सेकंदांचा ठोक स्लीप, म्हणजे काही झालं तरी तेवढं थांबणं, टाकू नये. बटण दिसेपर्यंत, रक्कम भरेपर्यंत थांबावं. सेलेनियममध्ये (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागू होणारं थांबणं) आणि एक्स्प्लिसिट वेट (एका ठरावीक अटीसाठी लिहिलेलं थांबणं) एकत्र वापरू नयेत. १० आणि १५ सेकंद दिले तर टाइमआउट २० सेकंदांनी येऊ शकतो, आणि का ते शोधण्यात दुपार जाते. दुसरं कारण सामायिक डेटा. प्रत्येक टेस्टने आपला शेतकरी आणि आपली पावती स्वतः तयार करावी.

रात्रीच्या रनने वेगळीच गंमत दाखवली. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपण साडेपाच तास पुढे. पहाटे दोनला टेस्ट चालते तेव्हा सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवसाची रात्रीची साडेआठ झालेली असते. १ एप्रिलला हे झालं की पट्टीच्या नंबरात मागचं आर्थिक वर्ष उमटतं. त्यात टेस्टनेही तारीख सर्व्हरचीच घेतली तर दोन्ही चुका एकमेकींशी जुळतात आणि निकाल हिरवा येतो! म्हणून घड्याळ बाहेरून देता येईल असा कोड मागून घेतला. आता टेस्ट भारतीय वेळेनुसार ३१ मार्चची रात्र ११:५९ आणि १ एप्रिलची १२:०१, अशा ठरलेल्या दोन क्षणांवर चालते.

आणि खास मराठी दुखणं: 'शेतकऱ्याचे नाव'. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ येतो, युनिकोड (अक्षरांना दिलेले ठरावीक क्रमांक) ०९३१. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही एकसारखे, तुलनेत वेगळे. लेबल बरोबर दिसतं आणि टेस्ट लाल. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी युनिकोड रूपं एकसारखी करायची पद्धत) र अधिक नुक्ता ०९३१ शी जुळतो, पण जॉइनर तसाच राहतो, त्याची बदली आपल्यालाच लिहावी लागते. बटण-रकाने शोधायला मराठी लेबल वापरायचं सोडून आम्ही प्रत्येकाला वेगळी टेस्ट आयडी (पडद्यावर न दिसणारी, टेस्टपुरती खूण) लावून घेतली. शेतकऱ्याच्या नावाच्या शोधात मात्र दोन्ही रूपं मुद्दाम टाकून टेस्ट लिहिली, कारण तिथे अडकणारा माणूस टेस्टर नसतो, पट्टी घ्यायला खिडकीवर उभा असलेला शेतकरी असतो.