तलावात नका सोडू, प्लीज

परवा आमच्या मजल्यावरच्या काकू बादलीत कासव घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "अगं तू पवईला जातेस ना कामाला, तिथल्या तलावात सोडशील का, बिचारं मोकळं तरी होईल." नातवासाठी घेतलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं, आता ताटलीएवढं झालंय, रोज पाणी बदला, वास येतो, नातवाचं तर लक्षच नाही.

डोळ्यामागे लाल पट्टा, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, २०-३० वर्षं आरामात जगतं आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. तलावात सोडलं की आपल्या कासवांचं खाणं, ऊन खायच्या जागा सगळं बळकावतं. जगातल्या सगळ्यात घातक १०० उपऱ्या प्रजातींच्या यादीत आहे हे, म्हणजे दया म्हणून सोडायचं आणि तिथल्यांच्या जिवावर उठायचं असं होतं.

आणि आपली कासवं आधीच कसंबसं तग धरून आहेत हो. गोदावरी, कृष्णा, भीमेतलं लीथ्स सॉफ्टशेल हे मऊ पाठीचं कासव घ्या, २०२१ मध्ये आययूसीएनने, म्हणजे निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेने, ते अतिसंकटग्रस्त ठरवलं, म्हणजे यापुढची पायरी निसर्गातून नामशेष. मांसासाठी पकडतात, मासेमारीच्या जाळ्यात अडकतात, शिवाय अंडी काठावर घालायची तर तिथे वाळूउपसा चालू. कासव वयात यायलाच कितीतरी वर्षं लागतात, त्यामुळे एक मोठी मादी गेली की ती जागा लवकर भरून येत नाही.

मला सगळ्यात चीड येते ती २० नखांच्या कासवाची. नखं मोजून लाखांचे सौदे करतात, कशासाठी तर पैशांचा पाऊस पाडायला! आपल्याकडचं साधं तळ्यातलं कासव असतं ते, वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेलं, पकडणं सोडा, घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, वास्तूसाठी ठेवलं असलं तरी. कुणाकडे दिसलं तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे, फोन करा.

काकूंना हे सगळं सांगितलं तर आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे आता हे माझ्यानंतरही राहणार?" मी हो म्हटलं. संध्याकाळी आम्ही दोघींनी कपडे भिजवायचा मोठा टब धुतला, चढून बसायला मधे एक वीट ठेवली आणि गॅलरीत ऊन येतं त्या कोपऱ्यात लावला. सांभाळणारी चांगली जागा मिळेपर्यंत तिथेच राहील, रविवारी पाणी बदलायचं काम माझ्याकडे.