आर्द्रा, हैदराबाद आणि मामाची सपरी

जून 2024 चा शेवटचा शनिवार. नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून पांढरकवड्याची एसटी पकडली तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. बुटीबोरी गेली, जांब गेलं, हिंगणघाटला चहा झाला. वडनेर मागे पडलं आणि वर्धा नदीचा पूल ओलांडून आमचा जिल्हा लागला. दोन्ही बाजूंना काळी माती आणि तिच्यात दोन-दोन पानांवर आलेली कपाशी. काही वावरं अजून कोरीच होती. हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 44. असाच पुढे जात राहिला तर पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निजामाबाद आणि थेट हैदराबाद. आमच्या मामाच्या गावच्या फाट्यावरून हैदराबाद साडेतीनशे किलोमीटर, आणि पुणं त्याच्या दुपटीच्या जवळपास. इकडच्या माणसाला हैदराबाद लांब वाटत नाही, पुणं वाटतं.

हे अंतर सांगायचं कारण आहे. त्याच तीन दिवसांत, 28 ते 30 जून, हैदराबादच्या हायटेक्स या प्रदर्शन केंद्रात बीजीआयएसची महाअंतिम फेरी होती. बीजीआयएस म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया सिरीज. मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळातली आपल्याकडची मोठी व्यावसायिक स्पर्धा, बक्षिसाची एकूण रक्कम 2 कोटी. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी चाललो होतो ते मामाच्या गुडघ्याचं दुखणं पाहायला आणि मामीच्या फोनमुळे. "तुमच्या भावाले समजावा. रात्रभर मोबाइल. वावरात जा म्हनलं तं डोयावर झोप," असं ती म्हणाली होती.

फाट्यावर मामेभाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता. वय एकोणीस, गळ्यात दुपट्टा, चेहऱ्यावर सुतकी कळा. मला वाटलं मामाचं काही जास्त झालं.

"काय झालं बे?"

"काई नाई दादा. काल माही टीम लय खाली गेली."

समजावायचं काम तिथेच जरा अवघड झालं.

शनिवारची रात्र अर्थातच क्रिकेटची होती. बार्बाडोसमधली ती फायनल कोण विसरेल? दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हव्या होत्या तेव्हा मामा उठून झोपायला गेला, आणि शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा गलक्याने जागा होऊन दारात येऊन उभा राहिला. मधे एकदा लाइनही गेली होती. लाइन गेली की सगळं गाव एका आवाजात शिव्या देतं, ती एकजूट ग्रामसभेत दिसत नाही. सात धावांनी जिंकलो. पारावर फटाके फुटले, कुत्री वावरात पळाली. मामेभाऊही नाचला. पण नाचून झाल्यावर भिंतीला टेकून त्याने मोबाइल काढला आणि गुणतक्ता पाहत बसला. विश्वचषक जिंकलेल्या रात्री ज्याच्या डोक्यात दुसराच तक्ता आहे असा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

रविवारी सकाळी आम्ही कपाशीच्या नांग्या भरायला गेलो. जिथे बी उगवलं नाही तिथे पुन्हा टोबायचं. मी दोन तासांत कंबर धरून धुऱ्यावर बसलो. मामेभाऊ मात्र भराभर तासं उरकत होता. झोपेचं नाव नाही. "आज काहून एवढा पेटला हा?" मामाने लंगडत येऊन विचारलं. मामी म्हणाली, "दुपारी ती मॅच हाय ना त्याची."

दुपारी जेवणं झाली आणि सपरीत, म्हणजे ओसरीत, पोट्टे जमायला लागले. बारा-पंधरा जण तरी होते. मामाचा टीव्ही आतल्या खोलीतून बाहेर आला. यूट्यूब टीव्हीवर लावायचं, तर रेंज फक्त अंगणातल्या बेलाच्या फांदीशी मिळते. म्हणून एक मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फांदीला टांगला आणि त्याचा हॉटस्पॉट सपरीत घेतला. डेटा सगळ्यांनी वाटून घेतला होता, दर तासाला एकाचा मोबाइल झाडावर. कुणाची पाळी केव्हा, हे खडूने दारामागे लिहिलेलं. रोजगार हमीची हजेरी इतकी चोख नसते.

मंडळी आपापल्या आवडत्या खेळाडूप्रमाणे तीन गटांत बसली होती. एक मॉर्टलवाले, म्हणजे टीम सोलचे. दुसरे जोनाथनवाले. तिसरे स्काउटवाले, म्हणजे एक्सस्पार्कचे. स्काउट म्हणजे तन्मय सिंग, जुना नावाजलेला खेळाडू आणि या संघाचा मालक. मामेभाऊ कुणाचा, ते सांगत नाही, त्याच्यावर आधीच बरंच गुदरलं होतं.

एकाची जागा रिकामी होती. तो प्रत्यक्ष हैदराबादला गेला होता. शुक्रवारी रात्री फाट्यावर ट्रकला हात दाखवून निघाला. घरी सांगितलं, आदिलाबादला मित्राच्या बहिणीचं लग्न आहे. आषाढ तोंडावर आलेला असताना लग्न कुठलं, हे त्याच्या बापाला सुचलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मामाला मी खाटेवर टेकवून बसवलं. तो बसणार नव्हता, पण गुडघ्यामुळे त्याला दुसरीकडे कुठे जाताही येत नव्हतं.

"हे काय चालू हाय?"

पोट्ट्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. त्या गोंधळातून मला लागलेला अर्थ असा. सोळा संघ, प्रत्येकी चार गडी, म्हणजे चौसष्ट जण. विमानातून छत्रीने खाली उतरायचं. हातात काही नाही. घरांमधून बंदुका, गोळ्या, मलमपट्टी गोळा करायची. मग नकाशावर एक वर्तुळ येतं आणि ते लहान-लहान होत जातं. वर्तुळाबाहेर राहिलात तर जीव झिजतो. शेवटी जो संघ उरला त्याला 'चिकन डिनर'. एरँगेल नावाचा नकाशा आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटरचा.

मामाने मनातल्या मनात हिशेब केला. "चौसष्ट चौरस किलोमीटर. सोळा हजार एकर झालं न बे. चौसष्ट गड्यायले सोळा हजार एकर! एवढं आपलं शिवार नाई."

तिथून मामा खेळ पाहायला लागला. आणि पाहायला लागला तो शेतकऱ्याच्या नजरेने. बंदूक कुठली, निशाण कसं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला जमीन दिसत होती. एका संघाने खोलगट जागेतल्या घरात ठाण मांडलं तसा तो म्हणाला, "हे मरनार. खालच्या वावरात कोनी बसते का? वरच्या धुऱ्यावरून समदं दिसते." पाच मिनिटांत वरच्या टेकाडावरून त्या घरावर गोळ्यांचा आणि हातगोळ्यांचा मारा झाला, चौघेही गेले. सपरीत शांतता. मग एक स्काउटवाला म्हणाला, "मामा, तुमी आयजीएल व्हा." आयजीएल म्हणजे संघाला डावपेच सांगणारा गडी, इन-गेम लीडर. मामाने मिशीवरून हात फिरवला. दुखरा गुडघा तो तासभर तरी विसरला होता, हे मी शपथेवर सांगतो.

मामी भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली आणि उभ्या-उभ्याच पाहू लागली. खेळाच्या या भारतीय आवृत्तीत रक्त हिरवं दाखवतात, आणि 'किल'च्या जागी 'फिनिश' म्हणतात. मामी म्हणाली, "हिरवी बोंडअळी चिरडली की अस्संच निघते." पोट्टे हसून लोळले. पुढे दुपारभर कुणी गडी पडला की "अळी गेली!" असा पुकारा होत होता. हिंदी समालोचकाच्या आरडाओरड्यापेक्षा मला तो बरा वाटला.

मामाला एक गोष्ट मात्र पटेना. एका डावात एका संघाने चिकन डिनर मारलं आणि पोट्टे तक्ता पाहून म्हणाले, तरी तो खालीच आहे.

"म्हंजे कोंबडी खाल्ली कोनी आन जिंकलं कोन?"

मग पुन्हा समजावणं. तीन दिवसांत अठरा डाव. दर डावात पहिल्याला 10 गुण, दुसऱ्याला 6, पुढे उतरते, आठव्यापर्यंत काहीतरी. शिवाय टिपलेल्या प्रत्येक गड्यामागे 1. सगळ्यांची बेरीज. एखादा संघ एकदाही कोंबडी न खाता वर राहू शकतो, नुसता रोज चटणी-भाकर खाऊन. हे उदाहरण मामेभावाचं. मला आवडलं.

तेवढ्यात हैदराबादहून फोन आला. त्या लग्नाला गेलेल्याचा. स्पीकरवर ठेवला तर आतून नुसता समुद्र. हजारो गळे एकाच वेळी, शिट्ट्या, पाय आपटल्याचा आवाज. आमच्या टीव्हीवर मात्र एक गडी निवांत गवतात सरपटत होता.

"कायले वरडून राह्यले?" मामा म्हणाला. "इथं तं काईच नाई."

आणि वीसेक सेकंदांनी त्या गवतातल्या गड्याने एकापाठोपाठ तिघांना लोळवलं.

मोठ्या स्पर्धांत प्रक्षेपण मुद्दाम मागे ठेवतात, खेळणाऱ्याला बाहेरून कुणी शत्रूची जागा सांगू नये म्हणून. खेळाडूंच्या कानांवर हेडफोन असतात, तेही याचसाठी. हॉलमध्ये पडदा जरा आधी दाखवत असेल, त्यात आमची बेलाच्या झाडावरची रेंज. पण त्या वीस सेकंदांनी सपरीत एक नवाच खेळ सुरू झाला. फोन खाटेवर मामाच्या मांडीशी ठेवला. आधी आवाज यायचा, मग सगळे श्वास रोखून पडद्याकडे बघायचे, की आता कोण पडणार. मामा आवाजावरून ओळखायला लागला. "हा मोठा आहे, कोनी तरी नावाजलेला गेला." बरोबर निघायचं. "हा बारका आहे, गाडी उलटली असन." तेही निघालं. मॉर्टलवाले चिडले, मजा जाते म्हणाले, फोन बंद करा. मामाने फोन पोटाशी धरला आणि दिला नाही.

मधे पाऊस आला. चांगला आला, आर्द्राचा. झाडावरचा मोबाइल उतरवेपर्यंत एक पूर्ण डाव गोल-गोल फिरणाऱ्या चकतीत गेला. पोट्टे एका डोळ्याने चकतीकडे आणि दुसऱ्याने आभाळाकडे बघत होते. सकाळी टोबलेल्या सरकीला तो पाऊस हवाच होता. त्या क्षणी नेमकं काय मागावं हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

त्या रिकाम्या वेळात मामाने शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं काढलं. पटाचा नाद त्याच्या बापापासूनचा. तळेगाव दशासरच्या पटाला तो तरुणपणी दर साल जायचा. जोड्या सुटल्या की काही सेकंदांचा मामला, आणि त्यावरची भांडणं वर्षभर. 2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, तेव्हा त्याने पटाची जोडी विकून टाकली. डिसेंबर 2021 मध्ये आपल्या राज्यात पुन्हा परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. पण जोडी परत आली नाही.

"आमचाही बंद होता," मामेभाऊ म्हणाला. मामाने त्याच्याकडे पाहिलं. पोरगं तारखा सांगू लागलं, आणि मला जाणवलं की या दोघांना एवढ्या तारखा शाळेच्या पुस्तकातल्याही पाठ नसतील. पबजी मोबाइलवर बंदी 2 सप्टेंबर 2020. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, या नावाने परत, 2 जुलै 2021. ॲप स्टोअरवरून पुन्हा गायब, 28 जुलै 2022. आणि परत सुरू, 29 मे 2023.

"मे 2023? आमच्याच महिन्यात?"

"हाव ना. तुमच्यानंतर अकरा दिवसांनी."

मामा काही बोलला नाही. पण मामी जेव्हा म्हणाली, "दोघंही बंद होते तेच बरे होते," तेव्हा बाप-लेकाने एकाच वेळी मान फिरवली. मामीचं अगदी चूक होतं असंही नाही. तिने पटात उडालेला पैसा पाहिलाय आणि आता रात्री दोनला पोराच्या खोलीतला उजेड पाहते. अठराच्या आतल्यांना या खेळात दिवसाला तीन तासांचीच मुभा, असा नियम आहे. पण आमचं पोरगं एकोणीस वर्षांचं, त्याला तो कुठला?

पाऊस थांबला, मोबाइल पुन्हा झाडावर चढला. अंधार पडायच्या सुमारास शेंगांची टोपली रिकामी झाली होती. शेवटच्या डावांत मामासुद्धा तक्ता वाचत होता. फोनमधून असा आवाज आला की मामाने तो कानापासून लांब धरला. "संपलं," तो म्हणाला. आम्ही वाट पाहिली. मग आमच्याकडेही संपलं. करंडक एक्सस्पार्कचा. स्काउटवाल्या चौघांनी अंगणातल्या चिखलात लोळण घेतली. जोनाथनवाले निमूट टीव्हीची वायर गुंडाळू लागले. मामेभाऊ बराच वेळ पायरीवर बसून होता, मग उठून म्हशीला वैरण टाकायला गेला. मी त्याला काहीच समजावलं नाही. मामीनेही मला आठवण केली नाही.

सोमवारी सकाळी मामा मला सोडायला फाट्यावर आला, मागे बसून, गाडी मामेभावाकडे. पानठेल्यापाशी एसटीची वाट पाहत होतो तर समोर आदिलाबादकडून आलेला एक ट्रक थांबला आणि त्यातून लग्नाहून परतलेला उतरला. डोळे लाल, पँट टोंगळ्यापर्यंत भिजलेली, मनगटावर स्पर्धेचा कागदी पट्टा. घसा पार बसलेला.

मामाने त्याला हाक मारली. "त्या पोट्ट्यायचे कान तं झाकलेले राह्यतात म्हने?"

"हाव मामा. हेडफोन. काईच आयकू येत नाई त्यायले."

"मंग तुमी वरडले कोनासाठी?"

तो जरा थांबला. खोकला. मग फुटक्या आवाजात म्हणाला, "पटात तरी बैलाले कोठी समजते मामा, शिट्टी कोनाची हाय ते?"

"समजते," मामा म्हणाला. "बैलाले समजते."

आणि मामेभावाच्या पाठीवर थाप मारून त्याने गाडी वळवायला सांगितली. नांग्या अर्ध्याच भरल्या होत्या.